डबा ऐसपैस, उपग्रहांच्या साक्षीने

लहानपणी डबा ऐसपैस खेळला नाही असा मराठी माणूस विरळाच. त्या खेळात डबा मैदानाच्या मधोमध उघड्यावर असतो आणि पोरं लपतात. आज ज्या खेळाबद्दल लिहितोय त्यात सगळं उलटं आहे. डबा लपलेला असतो आणि चांगली कमावती, शहाणीसुरती माणसं हातात यंत्र घेऊन झुडपात डोकावत फिरत असतात. खेळाचं नाव जिओकॅशिंग.

नियम अगदी सोपे. कोणीतरी एक पाणी न शिरणारा डबा घेतो. आत एक छोटी वही, पेन्सिल आणि काही किरकोळ वस्तू ठेवतो. डबा कुठेतरी लपवतो आणि त्या जागेचे अक्षांश-रेखांश जाहीर करतो. ज्याला हौस असेल त्याने जीपीएस घेऊन तिथवर जायचं, डबा शोधायचा, वहीत नाव आणि तारीख लिहायची. आतली एखादी वस्तू घेतली तर तेवढ्याच किंवा जास्त मोलाची दुसरी ठेवायची. मग डबा होता तिथे, होता तसा लपवून घरी यायचं. बस्स, एवढंच!

"पण मग मिळतं काय?" हा पहिल्यांदा ऐकणाऱ्याचा ठरलेला प्रश्न. उत्तर आहे: काही नाही. फार तर प्लास्टिकचं खेळणं नाहीतर की-चेन. तरीसुद्धा २०१०च्या मार्चमध्ये जगभरच्या अशा चालू डब्यांची संख्या दहा लाखांवर गेली आणि आज ती तीस लाखांच्याही पुढे आहे. हा खेळ आला कुठून, आणि आपल्याकडे तो का रुजला नाही, हे बघायचं म्हणजे आधी उपग्रहांकडे जावं लागतं. कारण या खेळाच्या जन्माची वेळ जवळजवळ मिनिटासकट सांगता येते.

जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात. प्रत्येकात अणुघड्याळ असतं आणि प्रत्येक उपग्रह सतत एकच गोष्ट सांगत असतो: "मी अमुक ठिकाणी आहे आणि माझ्या घड्याळात आता इतके वाजलेत." तुमच्या हातातलं यंत्र निरोप निघाल्याची आणि पोचल्याची वेळ बघतं, फरकाला प्रकाशाच्या वेगाने गुणतं आणि अंतर काढतं. चार उपग्रहांची अंतरं मिळाली की तुमची जागा निघते. (तीन पुरली असती, पण तुमच्या यंत्रातलं घड्याळ स्वस्तातलं असतं. त्याची चूक काढायला चौथा लागतो.) सगळा हिशोब वेळेचा. एका नॅनोसेकंदात प्रकाश साधारण ३० सेंटिमीटर जातो. म्हणजे घड्याळ नॅनोसेकंदांनी चुकलं की जागा फुटांनी चुकते.

ही सगळी यंत्रणा अमेरिकन लष्कराची. १९७३ मध्ये प्रकल्प ठरला आणि १९७८च्या फेब्रुवारीत पहिला उपग्रह गेला. सर्वसामान्यांना ती देण्याची जाहीर घोषणा झाली ती एका भयंकर घटनेनंतर. १ सप्टेंबर १९८३ रोजी कोरियन एअर लाइन्सचं ००७ हे विमान मार्ग चुकून सोव्हिएत हद्दीत शिरलं, सोव्हिएत लढाऊ विमानाने ते पाडलं आणि आतली सगळी २६९ माणसं गेली. त्याच महिन्यात रेगन सरकारने जाहीर केलं, की जीपीएस पूर्ण झालं की ते नागरी वापरासाठीही खुलं राहील.

खुलं, पण एक मेख मारून. शत्रूने हाच संदेश वापरून आपल्यावरच नेम धरला तर? म्हणून सर्वसामान्यांच्या संदेशात मुद्दाम चूक मिसळलेली होती. त्या सोयीचं अधिकृत नाव 'सिलेक्टिव्ह अव्हेलेबिलिटी'. साध्या मराठीत मापात पाप. उपग्रहावरच्या घड्याळाची वेळ जाणूनबुजून थोडी मागेपुढे हलवायची. लष्कराच्या यंत्राला ती चूक वजा करायची किल्ली माहीत, तुमच्या-माझ्या यंत्राला नाही. परिणाम: जागा शंभर मीटरपर्यंत इकडे तिकडे. तुम्ही एका जागी शांत उभे असलात तरी पडद्यावरचा ठिपका चौकभर भटकायचा.

यातली गंमत कुठल्याही सरकारी कचेरीत शोभेल अशी आहे. एकीकडे संरक्षण खातं संदेशात चूक मिसळत होतं, आणि दुसरीकडे त्याच सरकारचं तटरक्षक दल जहाजं खडकावर आपटू नयेत म्हणून किनाऱ्यावरून चूकदुरुस्ती प्रसारित करत होतं! १९९०-९१च्या आखाती युद्धात तर खुद्द सैन्याकडेच लष्करी यंत्रं पुरेशी नव्हती. सैनिकांच्या हातात बाजारातली साधी यंत्रं होती, म्हणून त्या काळात ही चूक तात्पुरती बंद ठेवावी लागली. शेवटी १९९६ मध्ये क्लिंटन सरकारने ठरवलं, की दहा वर्षांच्या आत ही भानगड संपवायची.

आणि १ मे २००० रोजी क्लिंटननी जाहीर केलं: आज मध्यरात्री बंद. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर मध्यरात्र झाली तेव्हा आपल्याकडे २ मेची सकाळ होती, साडेनऊची. त्या वेळी जगभरच्या लाखो यंत्रांची अचूकता एकदम साधारण दहापट वाढली. कोणी काही विकत घेतलं नाही, काही अपग्रेड केलं नाही. सर्व्हरवर एक व्हॅल्यू शून्य करावी आणि सगळ्या क्लायंटचा परफॉर्मन्स सुधारावा, तसं. आपल्या धंद्यात असं डिप्लॉयमेंट बघायला मिळणं म्हणजे पुण्यच.

दहापट ऐकायला थोडं वाटतं, पण आता क्षेत्रफळ काढा. शंभर मीटर त्रिज्येचं वर्तुळ म्हणजे सुमारे ३१,४०० चौरस मीटर. दहा मीटर त्रिज्येचं म्हणजे ३१४. शोधायची जागा शंभर पटीने कमी झाली. शंभर मीटरच्या वर्तुळात लपवलेला डबा शोधणं म्हणजे अख्ख्या कॉलनीत हरवलेलं मांजर शोधणं. दहा मीटरच्या वर्तुळात तो खेळ होतो. अजून एक गंमत लक्षात घ्या. अचूकता एक सेंटिमीटर असती तरी खेळ झाला नसता, कारण यंत्राने थेट डब्यावरच नेऊन उभं केलं असतं. खेळाला थोडी चूक लागते. फार नाही, चार झुडपं आणि दोन दगड मावतील इतकी.

हे ज्याच्या पहिल्यांदा लक्षात आलं तो माणूस आपल्याच बिरादरीतला. डेव्ह उल्मर, ओरेगन राज्यातला एक संगणक सल्लागार. मापातलं पाप संपल्याच्या दुसऱ्याच दिवशी, ३ मे २००० रोजी, तो बीव्हरक्रीक नावाच्या गावाजवळच्या रानात गेला. एक काळी प्लास्टिकची बादली त्याने जवळजवळ पूर्ण जमिनीत पुरली आणि यूजनेटवरच्या उपग्रह-दिशादर्शनाच्या न्यूजग्रुपवर जागा जाहीर केली: ४५° १७.४६०' उत्तर, १२२° २४.८००' पश्चिम. आत होत्या नकाशांच्या सॉफ्टवेअरच्या सीडी, व्हिडिओ, पुस्तकं, थोडे पैसे, एक गलोल आणि घेवड्याचा एक सीलबंद डबा. अट एकच. काही घ्या, काही ठेवा, वहीत लिहा.

तीन दिवसांच्या आत दोन जण तिथे पोचले. त्यातला पहिला माइक टीग, शेजारच्या वॉशिंग्टन राज्यातला. त्याला हा प्रकार इतका आवडला, की त्याने स्वतःही डबे लपवले आणि इतरांनी लपवलेल्या डब्यांची यादी आपल्या वेबपानावर ठेवायला सुरुवात केली. महिन्याभरात अमेरिकेच्या इतर राज्यांत आणि अमेरिकेबाहेरही डबे दिसू लागले. ११ मेला कॅन्सस राज्यात ठेवलेला 'मिंगो' हा त्या पहिल्या पिढीतला सगळ्यांत प्रसिद्ध डबा. उल्मरच्या बादलीतला घेवड्याचा डबासुद्धा पुढे खेळाडूंच्या भक्तीचा विषय झाला. मूळ जागेवर आता स्मारकाची पाटी आहे, आणि माणसं मुद्दाम वाट वाकडी करून ती बघायला जातात. बादलीचं स्मारक! पण पायथागोरसपेक्षा फ्लॉपी डिस्कला पाहून ज्यांचे डोळे पाणावतात, अशा आपल्यासारख्यांनी हसू नये.

नावाचा किस्साही सांगण्यासारखा आहे. उल्मरने या प्रकाराला 'स्टॅश हंट' म्हटलं होतं. पण 'स्टॅश' म्हटलं की लोकांना चोरून ठेवलेला गांजा आठवायचा. मग ३० मे २००० रोजी मॅट स्टम या खेळाडूने मेलिंग लिस्टवर 'जिओकॅशिंग' हा शब्द सुचवला. कॅशे म्हणजे फ्रेंच 'लपवणे'. उत्तर अमेरिकेतले जुने शिकारी आणि प्रवासी परतीच्या वाटेसाठी शिधा पुरून ठेवायचे, तो कॅशे. आणि प्रोसेसरला पुन्हा लागणारी माहिती हाताशी ठेवणारी मेमरी, तीही कॅशेच. रानातला आणि संगणकातला असे दोन्ही अर्थ एका शब्दात बसले. इतकं नेमकं नाव एखाद्या ब्रँडिंगवाल्या एजन्सीलाही सुचलं नसतं.

पुढचा टप्पा ओळखीचा वाटेल. सिअ‍ॅटलच्या जेरेमी आयरिश या वेब डेव्हलपरने जुलैत टीगची यादी पाहिली, जीपीएस विकत घेतलं आणि रणरणत्या उन्हात पहिला डबा शोधला. २ सप्टेंबर २००० रोजी त्याने जिओकॅशिंग डॉट कॉम सुरू केलं. तेव्हा यादीत जगभरचे मिळून फक्त ७५ डबे होते. त्याच महिन्यात स्लॅशडॉटवर बातमी झळकली, पुढच्या महिन्यात न्यूयॉर्क टाइम्समध्ये लेख आला आणि गर्दी सुरू झाली. आयरिश आणि त्याचे दोन साथीदार दिवसा नोकरी आणि रात्री साइट असा संसार करत होते. सुरुवातीच्या भांडवलाचा एक भाग कोणीतरी देणगी दिलेले १४४ टी-शर्ट विकून उभा राहिला. डॉटकॉमचा फुगा फुटत असताना, कोट्यवधी डॉलर जाळलेल्या कंपन्या गाशा गुंडाळत असताना, टी-शर्टांवर उभी राहिलेली ही साइट टिकली. गार्मिनसारख्या बड्या कंपनीने २०१० मध्ये स्वतःची स्पर्धक साइट काढली आणि २०१५ मध्ये बंद केली. लोकांनी लपवलेल्या डब्यांची यादी शेवटी एका खाजगी कंपनीच्या हातात एकवटली, याबद्दल जुन्या खेळाडूंनी भरपूर कुरकुर केली आणि जर्मनीत वगैरे मुक्त याद्याही चालवल्या. पण माणसं तिथेच जातात जिथे डबे असतात, आणि डबे तिथेच नोंदवले जातात जिथे माणसं असतात. नेटवर्क इफेक्ट, दुसरं काय.

आता प्रश्न असा, की उपग्रह नव्हते तेव्हा माणसं हा खेळ खेळत नव्हती का? खेळत होती की! इंग्लंडच्या नैर्ऋत्येला डार्टमूर नावाचं ओसाड, दलदलीचं माळरान आहे. शेरलॉक होम्सचा तो प्रसिद्ध बास्करव्हिल्सचा कुत्रा हिंडतो तेच. १८५४ मध्ये तिथल्या जेम्स पेरट नावाच्या वाटाड्याने क्रॅनमियर पूल या आडवळणाच्या जागी एक बाटली ठेवली. इतक्या लांब तंगडतोड करून जो येईल त्याने आपलं व्हिजिटिंग कार्ड त्यात टाकायचं. बाटलीची पुढे पेटी झाली, पेटीत वही आली, मग रबरी शिक्का आला. लोक स्वतःचा पत्ता घातलेलं पोस्टकार्ड आत ठेवून जायचे आणि पुढे येणारा अनोळखी माणूस ते पोस्टात टाकायचा. म्हणून या छंदाचं नाव पडलं लेटरबॉक्सिंग. शंभर पेट्या शोधणाऱ्यांचा 'हंड्रेड क्लब'सुद्धा आहे. १९९८च्या एप्रिलमध्ये स्मिथसोनियन मासिकात यावर लेख आला आणि अमेरिकेतही लोक पेट्या लपवू लागले. म्हणजे दोनच वर्षांनी उल्मरने बादली पुरली तेव्हा जमीन नांगरलेली होती.

दीडशे वर्षांत तंत्रज्ञान कुठल्या कुठे गेलं, पण पोस्टकार्डाची ती गोष्ट बघा. तुमचं कार्ड घरी पोचणार की नाही हे पूर्णपणे एका अनोळखी माणसावर अवलंबून. त्याला तुमच्याकडून काही मिळणार नाही, तो तुम्हाला कधी भेटणार नाही. तरी तो कार्ड खिशात घालतो, गावात जातो आणि पेटीत टाकतो. जिओकॅशिंगचा सगळा डोलारा याच एका खांबावर उभा आहे. कुलूप नाही, कॅमेरा नाही, रखवालदार नाही. डबा उचलून घरी नेणं हे जगातलं सगळ्यांत सोपं काम. काही डबे जातातही. खेळाच्या भाषेत अशा डब्याला 'मगल्ड' म्हणतात, हॅरी पॉटरमधल्या जादू न येणाऱ्या 'मगल' लोकांवरून. पण बहुतेक डबे वर्षानुवर्षं टिकतात. आपण सगळे सिस्टिम डिझाइन करताना पहिलं वाक्य ऐकतो ते म्हणजे 'यूजरवर विश्वास ठेवू नका'. हा खेळ नेमका उलट्या गृहीतकावर चाललाय, आणि पंचवीस वर्षांहून जास्त काळ चाललाय.

हळूहळू नियम आले. ते वाचताना मजा येते, कारण प्रत्येक नियमामागे एखादा बग असणार हे उघड दिसतं. डबा जमिनीत पुरायचा नाही. आत खायचं ठेवायचं नाही (प्राणी डबा फोडतात). दोन डब्यांत किमान १६१ मीटर, म्हणजे मैलाचा दहावा भाग, अंतर हवं. जागेच्या मालकाची परवानगी हवी. या हिशोबाने बघितलं तर उल्मरची मूळ बादली आज नामंजूर होईल. पुरलेली, वर आत घेवडा! प्रत्येक डब्याला दोन गुण असतात, शोधायला किती अवघड आणि पोचायला किती अवघड, एक ते पाच. डब्यांचे प्रकारही भरपूर. जुनी लष्करी काडतुसांची पेटी, कॅमेऱ्याच्या रोलची डबी, बोटाच्या पेरापेक्षा लहान लोहचुंबकी नळी. काहींचे अक्षांश-रेखांश कोड्यात दडलेले, आधी कोडं सोडवा, मग चालायला लागा. 'ट्रॅव्हल बग' नावाचे क्रमांक कोरलेले बिल्ले एका डब्यातून दुसऱ्यात, एका देशातून दुसऱ्या देशात प्रवास करतात आणि त्यांचा माग काढता येतो. असा एक बिल्ला २००८ मध्ये रिचर्ड गॅरियट या गेम डेव्हलपरने आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर नेला. आणि २०२१च्या फेब्रुवारीत मंगळावर उतरलेल्या पर्सिव्हिअरन्स रोव्हरच्या एका उपकरणाच्या तपासणी-पट्टीवर जिओकॅशिंगचा क्रमांक कोरलेला आहे. तो शोधायला कोण जाणार, हा प्रश्न आपला नाही.

मंगळाचं कौतुक बाजूला ठेवू. खेळाचा खरा कस घराजवळच लागतो. एरवी जीपीएस काय करतं? रस्ता ओळखायची गरजच संपवतं. "दोनशे मीटरवर उजवीकडे वळा" म्हटलं की आपण वळतो, आजूबाजूला काय आहे ते बघत नाही. रोज ऑफिसला जाता-येता ओलांडलेल्या नाल्याचं नाव आपल्यापैकी किती जणांना माहीत असतं? जिओकॅशिंगमध्ये हेच यंत्र तुम्हाला पाच-दहा मीटरपर्यंत आणतं आणि मग हात वर करतं. पुढे तुमचे डोळे. त्या शेवटच्या पाच मीटरांत झाडाची ढोली दिसते, भिंतीतला निसटलेला दगड दिसतो, कोनशिला दिसते. कारण आता ती तुम्हाला बघावी लागते. आणि चांगला डबा लपवणारा माणूस डबा दाखवत नाही, जागा दाखवतो. त्याला त्याच्या गल्लीतली जी जागा आवडते तिथे तो तुम्हाला डब्याचं आमिष दाखवून नेतो.

मग हा खेळ आपल्याकडे का नाही? अगदीच नाही असं नाही, तुरळक डबे आहेत. पण मुंबई-पुण्यात तो जर्मनीसारखा गल्लोगल्ली पसरला नाही. लोक फक्त कचऱ्याची आणि चोरीची कारणं सांगतात. माझ्या मते खरं कारण जास्त गंभीर आहे. स्वतःच विचार करा: रेल्वे स्टेशनबाहेर एक माणूस इकडेतिकडे बघत कठड्याखाली हात घालतो, डबा ठेवतो आणि निघून जातो. तुम्ही काय कराल?

आपण एका विशिष्ट काळात मोठे झालो. १९९३चे स्फोट, २००३ मध्ये गेटवे आणि झवेरी बाजार, ११ जुलै २००६च्या लोकल गाड्या, १३ फेब्रुवारी २०१० रोजी पुण्याच्या जर्मन बेकरीत ठेवलेली बॅग. 'बेवारस वस्तूला हात लावू नका' ही सूचना आपण प्लॅटफॉर्मवर इतक्या वेळा ऐकलीय, की ती आता पाठ आहे. जो डबा ओरेगनमधल्या माणसाला खेळ वाटतो तोच दादरला बॉम्ब वाटतो, आणि तसा वाटणं बरोबरच आहे. ही भीती फक्त आपलीच, असंही नाही. जुलै २०११ मध्ये इंग्लंडच्या वेदरबी गावात एका कॅफेबाहेर फुलझाडांच्या पेटीखाली लपवलेल्या जिओकॅशेमुळे रस्ते रिकामे करावे लागले. लष्कराच्या बॉम्बपथकाने तो डबा उडवून दिला. आत काय होतं? वही आणि पेन्सिलच!

म्हणून मला वाटतं, की आपल्या शहरांत डबा लपवणं हा हट्ट सोडावा. गर्दीच्या जागी, स्टेशनजवळ, सरकारी इमारतीजवळ तर नक्कीच. पोलिसांचा आणि लोकांचा वेळ खाणं म्हणजे छंद नव्हे. विश्वास मागून मिळत नाही, तो त्या जागेच्या इतिहासातून येतो, आणि आपल्या जागांच्या इतिहासात या जखमा आहेत. डबा गेला तरी खेळातली मुख्य गोष्ट, शेवटचे पाच मीटर, ती कुठे जात नाही.

बिनडब्याचे प्रकार मुळात आहेतच. अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यानांनी सुरुवातीच्याच काळात डबे ठेवायला मनाई केली, त्यातून ही वाट रुंद झाली. २००४ पासून 'अर्थकॅशे' सुरू झाले. तिथे डबा नसतो. तुम्ही एखाद्या भूवैज्ञानिक महत्त्वाच्या जागी जायचं, तिथला खडक नीट बघायचा आणि विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं द्यायची. या हिशोबाने आपण गडगंज श्रीमंत आहोत. बेसाल्ट आपल्या पायाखाली आहे! अंधेरी पश्चिमेला इमारतींच्या गराड्यात गिल्बर्ट हिल उभी आहे, सुमारे साठ मीटर उंचीच्या बेसाल्टच्या उभ्या खांबांची. वय सुमारे साडेसहा कोटी वर्षं. पलीकडच्या गल्लीत भाड्याने राहून ती न पाहिलेले आयटीवाले पोत्याने सापडतील. निघोजचे रांजणखळगे, लोणारचं विवर यांबद्दल वेगळं सांगायला नको.

दुसरा प्रकार म्हणजे मोजणीच्या खुणा शोधणं. अमेरिकेत सर्वेक्षण खात्याने ठोकलेल्या पितळी चकत्या शोधायचा जोडछंद जिओकॅशिंगच्या बरोबरीनेच वाढला. आणि इथे तर आपला संबंध थेट आहे. अक्षांश-रेखांशाने जमीन बांधायचं जगातलं एक अचाट काम याच देशात झालं. १८०२ मध्ये विल्यम लॅम्बटनने मद्रासजवळ पायारेषा मोजून ज्याला सुरुवात केली तो ग्रेट ट्रिगोनोमेट्रिकल सर्व्हे. त्रिकोणाला त्रिकोण जोडत हा माणूस वीस वर्षं उत्तरेकडे सरकत राहिला आणि १८२३च्या जानेवारीत नागपूरच्या वाटेवर मेला. कुठे? आपल्या वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला. त्याची कबर तिथे आहे. त्याचा वारसदार जॉर्ज एव्हरेस्टचं नाव जगातल्या सर्वांत उंच शिखराला मिळालं, आणि ज्याने काम उभं केलं तो हिंगणघाटात झोपलाय. विदर्भातल्या किती इंजिनिअरांनी ती कबर पाहिली असेल?

नागपूरला त्याच सर्व्हेचा १९०७चा झिरो माइलचा खांब आणि ते चार घोडे आहेत, ते निदान नागपूरकरांना माहीत असतात. पुण्यात कॅम्पातल्या जनरल पोस्ट ऑफिसजवळही झिरो स्टोन आहे. मुंबईत फोर्टमधल्या सेंट थॉमस कॅथेड्रलपासून अंतर मोजणारे एकोणिसाव्या शतकातले मैलाचे दगड अजून काही फुटपाथांच्या कडेला, अर्धेअधिक गाडलेले सापडतात. कोणी लपवले नाहीत ते, रस्त्याची पातळी वाढत गेली आणि ते आपोआप लपले.

तिसरा प्रकार निव्वळ आकड्यांच्या वेड्यांसाठी. १९९६ मध्ये अ‍ॅलेक्स जॅरेटने 'डिग्री कॉन्फ्लुअन्स' हा प्रकल्प सुरू केला. जिथे पूर्ण अंशाचा अक्षांश आणि पूर्ण अंशाचा रेखांश एकमेकांना छेदतात त्या प्रत्येक बिंदूवर जायचं आणि फोटो काढायचा. तिथे काही नसतं. शेत असतं, चिखल असतो, कोणाचं तरी अंगण असतं. १९ उत्तर, ७३ पूर्व हा बिंदू नवी मुंबईत नेरूळच्या बाजूला, खाडीच्या परिसरात पडतो. नकाशा उघडा आणि बघा. मग तुमच्या घराचे आकडे बघा.

या सगळ्यामागे एक गोष्ट विसरायची नाही. २ मे २०००च्या त्या सकाळी जगाला मिळालेली भेट ही एका देशाने ठरवून दिलेली होती, म्हणजे ठरवून काढूनही घेता आली असती. २००७च्या सप्टेंबरमध्ये अमेरिकेने जाहीर केलं, की नव्या पिढीच्या उपग्रहांत मापात पाप करायची सोयच नसेल. तरी युरोपने, चीनने आपापल्या यंत्रणा उभ्या केल्या. आपणही २०१३ ते २०१६ मध्ये सात उपग्रह सोडले आणि त्या यंत्रणेचं नाव ठेवलं नाविक. आपण कुठे उभे आहोत हे सांगणारा आवाज दुसऱ्याच्या मेहेरबानीवर असू नये, हे त्यामागचं साधं शहाणपण.

असो. या वीकेंडला करण्यासारखं एक काम सांगतो, फुकट आहे. घरापासून दोन किलोमीटरच्या आत अशी एक जागा शोधा जी तुम्हाला आवडते आणि शेजाऱ्यांना माहीत नाही. जुनी विहीर, वीरगळ, वडाचं झाड, काहीही. तिचे अक्षांश-रेखांश दशांशाच्या पाचव्या स्थानापर्यंत लिहून घ्या (पाचवं स्थान म्हणजे साधारण एक मीटर). ऑफिसातल्या एका मित्राला फक्त ते दोन आकडे पाठवा. जागेचं नाव नाही, फोटो नाही, काय आहे तेही नाही. डबाही ठेवू नका. तो जाईलच. आपल्या लोकांना आकडे दिले आणि कारण सांगितलं नाही की राहवत नाही.